सरांनी ब्लॅक बेल्ट सोडला, त्याची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, ज्या तायक्वांदो सरांचा नुकताच सत्कार झाला, त्यांच्याविषयीच्या भाषणांत 'अखंड साधना' हा शब्द तीनदा तरी आला. साधना खरी, पण अखंड नव्हे. मध्ये एक मोठा खंड पडला होता आणि तो सरांनी स्वतःहून पाडला होता. सत्काराच्या दिवशी तो विषय कोणी काढला नाही, हे रीतीला धरूनच झालं. पण तो वगळला तर मागचं-पुढचं काहीच नीट लागत नाही.

कोरियाच्या दोन हजार वर्षांच्या वारशाबद्दल क्लासच्या माहितीपत्रकांत जे छापतात, ते बाजूला ठेवू. आज मुलं शिकतात तो प्रकार १९४५ नंतर सेऊलमधल्या निरनिराळ्या आखाड्यांत घडला आणि तिथले बरेच गुरू जपानमध्ये कराटे शिकून आलेले होते. त्यामुळे अशोक चौकातली एखादी आजी 'नातू कराट्याला गेलाय' म्हणते, तेव्हा ती अगदीच चुकत नाही. 'तायक्वांदो' हे नावच मुळी १९५५ सालचं. ते सुचवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. पुढे राज्यकर्त्यांशी बिनसलं आणि १९७२ मध्ये त्याने महासंघासह बाडबिस्तरा कॅनडात हलवला. लगेच १९७३ मध्ये सेऊलला दुसरा, जागतिक महासंघ उभा राहिला.

नाव एक आणि चुली दोन, ही सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते. 'ब्लॅक बेल्ट' हा शब्द आपण सोन्याच्या हॉलमार्कसारखा वापरतो, पण कोणत्या घराचा ते विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पहिल्या घरात, म्हणजे कॅनडात गेलेल्या महासंघात, चोवीस 'तुल' असतात, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका. त्यांतली पहिली चॉन-जी, एकोणीस हालचालींची. दुसऱ्या, सेऊलच्या घरात अशाच मालिकांना पुमसे म्हणतात, रंगीत पट्ट्यांसाठी 'तेगुक'चे आठ. पहिल्यांच्या फाईटमध्ये तोंडावर ठोसा चालतो, दुसऱ्यांकडे त्याला दंड. एकांचा ड्रेस पुढून उघडतो, दुसऱ्यांचा व्ही-गळ्याचा, डोक्यातून घालायचा. आणि एका घरातला डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी, दुसऱ्या घरात आपोआप धरला जात नाही.

सर पहिल्या घरात वाढले. वडील गिरणीत आणि घरात तालमीचं वातावरण. ब्रूस लीच्या लाटेत गल्लीतली पोरं गच्चीवर हातपाय झाडू लागली, तेव्हा वस्तादांनी सरांना हटकलं होतं, 'का बे, माती सोडून लाथा मारायला चाललास?' सर पुण्याला जाऊन शिकले, डॅन मिळवला आणि सोलापुरात वर्ग सुरू केला. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि मैदानावर 'हाना, दूल, सेट' अशा तीन भाषांत तिथली पोरं मोठी झाली. उन्हाळी शिबिर सकाळी सहाला भरायचं. मे महिन्यात आठनंतर सोलापूरच्या मैदानावर अनवाणी उभं राहून दाखवावं कुणीही.

तायक्वांदो १९८८ ला सेऊलमध्ये आणि १९९२ ला बार्सिलोनात प्रात्यक्षिक खेळ म्हणून ऑलिम्पिकमध्ये दिसला. सप्टेंबर १९९४ मध्ये ठरलं की २००० च्या सिडनीपासून त्यात पदकं मिळणार. हे सगळं दुसऱ्या घराचं. त्यानंतर वर्षभरात सरांनी आपला ब्लॅक बेल्ट उतरवला आणि दुसऱ्या घरात पांढऱ्या पट्ट्यापासून पुन्हा सुरुवात केली. स्वतःच्याच विद्यार्थ्यांच्या वयाच्या पोरांशेजारी उभं राहून ते बेल्ट परीक्षा देत होते. त्यांच्या गुरूंनी बोलणं टाकलं. वर्गातली निम्मी मोठी पोरं सोडून गेली. 'सर विकले गेले' हे मी स्वतः कट्ट्यावर ऐकलं आहे.

आता या निर्णयाचं समर्थन करताना सगळे नोकरीचं कारण देतात. तारखा मात्र त्याला साथ देत नाहीत. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण देणारा राज्याचा शासन निर्णय २००५ चा. सरांनी दहा वर्षं आधी तो हेरला असं म्हणणं म्हणजे त्यांना ज्योतिषी ठरवणं झालं. गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, यंत्रमागावर आणि विड्यांवर घरं चालत होती, आणि पालक 'सर, ह्याचा पुढं उपयोग काय?' असं विचारत होते, एवढं खरं. सरांकडे त्याला उत्तर नव्हतं. जिथे पोरांना ऑलिम्पिक तरी दाखवता येईल तिथे ते गेले. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता. मात्र मी राहिलेल्या निम्म्यांतला, हेही धरून चला.

पुढची वीस-पंचवीस वर्षं धावपळीची. आरक्षण आल्यावर वर्ग फुगले. लंडनला २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड आले आणि खेळाचा तोंडवळाच बदलला. पूर्वी पंचांना आवाज आला तर गुण मिळायचा, आता सेन्सरला लागलं तर. त्यामुळे पुढचा पाय उचलून टोचत राहणारी फाईट आली, जी सरांना बिलकुल आवडत नाही. शिवाय हे साहित्य विणकराच्या पोराने घ्यायचं कुठून? आता छातीवर साध्या किकला दोन, डोक्यावर तीन, फिरून डोक्यावर मारली तर त्याहून जास्त असा हिशोब आहे. दोन राऊंड जिंकेल तो विजेता.

गंमत म्हणा की थट्टा, ज्या मान्यतेसाठी सरांनी घर बदललं, त्या घरातही आपल्याकडे भाऊबंदकी झाली. देशात एकाहून अधिक संघटना 'राष्ट्रीय' स्पर्धा भरवतात, आणि कोणाचं प्रमाणपत्र ग्राह्य हे कळतं ते नोकरीच्या वेळी, पडताळणीच्या टेबलावर. सुवर्णपदक घेऊन गेलेली पोरं हात हलवत परत आलेली सरांनी पाहिली आहेत. दरवर्षी जिल्हा स्पर्धेचे अर्ज निघाले की पालकांचा पहिला प्रश्न तारखेचा नसतो, 'सर, ही कुणाची?' असा असतो.

रविवारी वर्ग नसतो, तरी सकाळी हॉल उघडा दिसतो. डोकावलं तर सर एकटेच चॉन-जी करत असतात, एकोणीसच्या एकोणीस. विचारलं की म्हणतात, गुडघ्याला व्यायाम आहे.