अकराच्या ठोक्यापर्यंत

युद्धातल्या विलक्षण मृत्यूंच्या याद्यांमध्ये एक प्रकार हमखास असतो: युद्ध संपायला काही मिनिटे उरली असताना गेलेला सैनिक. त्याच्या नावापुढे 'नियतीचा क्रूर खेळ' असे लिहायचे आणि पुढच्या नोंदीकडे वळायचे, हा रिवाज पडून गेला आहे. पण पहिल्या महायुद्धातली लढाई थांबली त्या ११ नोव्हेंबर १९१८च्या सकाळी जे घडले, त्यात नियतीपेक्षा शस्त्रसंधीच्या करारातल्या एका कलमाचा आणि ते कलम हातात असलेल्या माणसांचा वाटा फार मोठा होता.

जुन्या काळचे असे मृत्यू वेगळ्या जातीचे आहेत. इ.स.पू. २७२मध्ये आर्गोसच्या रस्त्यात एपिरसचा राजा वरून आलेल्या कौलाच्या माराने कोसळला. तिसऱ्या धर्मयुद्धाला निघालेला जर्मन सम्राट ११९०मध्ये वाटेतल्या नदीत बुडाला. यांना अपघात म्हणता येते. घड्याळाशी त्यांचा संबंध नव्हता, कारण सगळ्या आघाडीवर एकाच क्षणी लढाई थांबवण्याची सोयच त्या काळी नव्हती.

बातमीचा वेग आणि मृत्यू यांची सांगड दिसते ती १८१५मध्ये, न्यू ऑर्लिन्सला. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या तहावर २४ डिसेंबर १८१४ला गेंटमध्ये सह्या झाल्या. ८ जानेवारीला न्यू ऑर्लिन्सवर ब्रिटिशांनी हल्ला केला, त्यांचा सेनापती पडला आणि मृत, जखमी, कैदी धरून सुमारे दोन हजार माणसे गेली. ही 'युद्ध संपल्यावर लढलेली लढाई' असे सर्रास सांगतात, ते चूक आहे. दोन्ही बाजूंनी मान्यता दिल्यावरच तह लागू होणार होता आणि ती मान्यता फेब्रुवारीत पूर्ण झाली. कायद्याने युद्ध चालूच होते. तरीही तह ठरल्याची बातमी जहाजाने यायची होती म्हणून माणसे मेली, हे खरे.

१९१८मध्ये ही सबब उरली नव्हती. तार होती, टेलिफोन होता, आयफेल टॉवरवरून बिनतारी संदेश जात होते.

जर्मन शिष्टमंडळ ८ नोव्हेंबरला फ्रान्समधल्या कॉम्पिएन्यच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात, दोस्त राष्ट्रांच्या फ्रेंच सरसेनापतीसमोर बसले. अटींचा स्वीकार करायला त्यांना ७२ तास मिळाले. शिष्टमंडळाच्या प्रमुखाने पहिली विनंती केली ती अशी की, बोलणी चालू आहेत तोवर तरी गोळीबार थांबवा. सरसेनापतीने नकार दिला. उलट दुसऱ्या दिवशी त्याने सर्व सेनापतींना दबाव वाढवायला सांगितले. त्या सकाळच्या मृत्यूंबद्दलच्या वादाचे मूळ माझ्या मते या नकारात आहे. चर्चा मात्र नेहमी शेवटच्या सहा तासांचीच होते.

ते सहा तास आले शस्त्रसंधीच्या पहिल्या कलमातून. सही झाल्यापासून सहा तासांनी जमिनीवरची आणि हवेतली लढाई थांबेल, असे त्यात लिहिले होते. सह्या पहाटे पाच वाजून गेल्यावर, पाच-दहा ते पाच-वीसच्या दरम्यान झाल्या, पण कागदावर वेळ पाचची घातली. म्हणून अकरा. सकाळी सात वाजायच्या आत बहुतेक वरिष्ठ मुख्यालयांना हे कळले होते. त्या एका दिवसात सर्व बाजू मिळून सुमारे २,७०० सैनिक मेले आणि जखमी व बेपत्ता धरून आकडा अकरा हजारांच्या आसपास जातो, असा एक अंदाज आहे.

सहा तासांचे समर्थन करता येते. शेकडो मैलांच्या आघाडीवर, तुटलेल्या तारा आणि चिखलातून धावणारे निरोपे यांच्या भरवशावर प्रत्येक तुकडीपर्यंत आदेश पोचवायला वेळ हवाच होता. जर्मन सैन्याला उसंत मिळाली तर ते पुन्हा उभे राहील, ही भीतीही खोटी नव्हती. ज्याचे समर्थन मला करता येत नाही, ते म्हणजे अकराची वेळ कळल्यानंतर दिलेले हल्ल्याचे हुकूम.

म्यूज नदीवरच्या स्तेने गावाचे उदाहरण घ्या. तिथल्या अमेरिकन डिव्हिजनच्या सेनापतीला शस्त्रसंधीची वेळ कळली होती. गावात अंघोळीची सोय आहे आणि आपली माणसे फार दिवस न्हालेली नाहीत, असे कारण देऊन त्याने गाव घ्यायला सैनिक पाठवले. दुसऱ्या दिवशी ते गावात चालत जाऊ शकले असते. काही तोफखान्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत मारा चालू ठेवला. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या एका कॅप्टनच्या तोफा पावणेअकरापर्यंत चालत होत्या.

शोमों-देवां-दांविये या खेड्याजवळ काय झाले, ते जरा जवळून पाहावे. बाल्टिमोरचा एक बँक कारकून, जर्मन वंशाच्या घरातला, सक्तीने भरती होऊन सार्जंट झाला होता. शक्य असेल तर भरती टाळ, असे त्याने मित्राला पत्रात लिहिले. ते पत्र सेन्सॉरच्या हाती लागले आणि त्याला साध्या शिपायाच्या हुद्द्यावर उतरवले. १०:४४ला निरोप्याने त्याच्या तुकडीला अकराची वेळ सांगितली. समोर धुक्यात जर्मन मशीनगन होती. तो उठला आणि संगीन रोखून धावला. मशीनगनवरच्या जर्मनांनाही वेळ माहीत होती. त्यांनी हात हलवून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडून त्याला परत जायला सांगितले. तो थांबला नाही. १०:५९. गेलेला हुद्दा त्याला मरणोत्तर परत मिळाला.

त्याच म्यूजच्या काठी, व्रीन-म्यूज इथे, एक फ्रेंच निरोप्या पावणेअकराच्या सुमारास पडला. गावाकडे मेंढपाळ, १९१४पासून लढाईत. त्याच्याजवळचा निरोप होता: साडेअकराला जेवण मिळेल. त्याच्या कबरीवर तारीख १० नोव्हेंबर आहे. त्या दिवशी मेलेल्या इतर फ्रेंच सैनिकांच्या नोंदीही एक दिवस मागे नेल्या गेल्या. कुटुंबाच्या पेन्शनला अडचण नको म्हणून, असे काही जण सांगतात. विजयाच्या दिवशी मेलेला माणूस नोंदवायची लाज वाटली म्हणून, असे इतर म्हणतात. कारण कोणतेही असो, दगडावरची तारीख खोटी आहे.

बेल्जियममधल्या मोन्स शहराभोवती ब्रिटिशांची पहिली मोठी लढाई ऑगस्ट १९१४मध्ये झाली आणि शेवटचा दिवसही तिथेच उजाडला. जवळच्या सेंट सिम्फोरियन दफनभूमीत ब्रिटनचा पहिला आणि शेवटचा सैनिक समोरासमोर, काही पावलांच्या अंतरावर पुरलेले आहेत. कोण पहिला नि कोण शेवटचा, हे पुरताना कुणाला माहीत नव्हते. १०:५८ला गोळी लागलेला कॅनडाचा सैनिकही तिथेच आहे.

या मोन्सवरून कॅनडात पुढे खटला झाला. कॅनडाच्या सेनापतीने अखेरच्या तासांत नावासाठी माणसे मारवली, असे एका छोट्या वर्तमानपत्राने १९२७मध्ये छापले. सेनापतीने अब्रुनुकसानीचा दावा लावला, ५०,००० डॉलर मागितले. १९२८मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, भरपाई मिळाली ५०० डॉलर. अमेरिकेतही लोकप्रतिनिधींच्या समितीने सेनाधिकाऱ्यांना या सकाळीबद्दल प्रश्न विचारले. आम्हाला दबाव कायम ठेवण्याचे हुकूम होते, हे त्यांचे उत्तर. शिक्षा कुणालाही झाली नाही. अमेरिकन सरसेनापतीचा मुळात शस्त्रसंधीलाच विरोध होता. त्याला बिनशर्त शरणागती हवी होती.

इथे शब्दांचा गुंता सोडवायला हवा. ११ नोव्हेंबरला झाली ती शस्त्रसंधी. तिला आपण कधी 'तह' म्हणतो, कधी 'शरणागती', आणि बहुतेकदा 'युद्धसमाप्ती'. शस्त्रसंधी म्हणजे लढाई ठरावीक मुदतीपुरती थांबवणे. ही पहिली मुदत ३६ दिवसांची होती आणि ती तीनदा वाढवावी लागली. जर्मनीबरोबरच्या शांततेच्या, व्हर्सायच्या तहावर सह्या २८ जून १९१९ला झाल्या, तो लागू झाला १० जानेवारी १९२०ला. म्हणूनच कित्येक स्मारकांवर '१९१४-१९१९' कोरलेले दिसते. राष्ट्रकुलातल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणारी संस्था तर पहिल्या महायुद्धाचे मृत ३१ ऑगस्ट १९२१पर्यंत मोजते. 'युद्धाचा शेवटचा बळी' हा शब्दप्रयोग त्यामुळे डळमळीत आहे. घड्याळही एक नव्हते: फ्रेंच वेळेने अकरा वाजले तेव्हा जर्मन घड्याळात बारा होते. जर्मन शिष्टमंडळाच्या ज्या प्रमुखाने गोळीबार थांबवण्याची विनंती केली होती, त्याचा त्या सहीच्या रागातून ऑगस्ट १९२१मध्ये खून झाला. त्याला कुठल्या यादीत घालायचे?

पुढच्या युद्धांनी हेच पुन्हा केले. मे १९४५मध्ये नेदरलँड्समधले जर्मन सैन्य कॅनडाच्या सैन्याला शरण गेले होते. तरी १३ मे रोजी ॲमस्टरडॅममध्ये जर्मन लष्करी न्यायालयाने नौदलातून पळालेल्या दोघांना देहदंड दिला आणि कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी त्यासाठी बंदुका पुरवल्या. कोरियात २७ जुलै १९५३ला सकाळी दहाला सह्या झाल्या आणि गोळीबार थांबायची वेळ ठरली रात्री दहाची, म्हणजे सहाऐवजी बारा तास. तिथे तह आजवर झालेला नाही. १९७१मध्ये भारताने १६ डिसेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, पश्चिम आघाडीवर ती १७च्या रात्री आठपासून लागू होणार होती. १७च्या सकाळी बसंतर नदीच्या काठी जरपाल गावावर चालून आलेल्या पाकिस्तानी बटालियनचा प्रमुख आघाडीवर राहून लढताना मारला गेला. त्याच्या शौर्याची दाद समोरच्या भारतीय अधिकाऱ्याने लेखी दिली. व्हिएतनाममध्ये जानेवारी १९७३च्या युद्धबंदीला अकरा तास उरले असताना अन लोक शहराजवळ तोफगोळ्याने एक अमेरिकन कर्नल गेला.

आणि फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर ऑक्टोबर १९७२मध्ये पोलिसांच्या गोळीने एक जपानी सैनिक मेला, जपानच्या शरणागतीनंतर २७ वर्षांनी. युद्ध संपल्याची पत्रके त्या जंगलात अनेकदा टाकली गेली होती. त्याने आणि त्याच्या अधिकाऱ्याने ती शत्रूची चाल मानली. तो अधिकारी मार्च १९७४मध्ये बाहेर आला, तोही त्याच्या जुन्या वरिष्ठाला जपानहून आणून समोर उभे केले आणि लढाई थांबवण्याचा आदेश तोंडी वाचून दाखवला तेव्हा.