‘मोकळा वेळ’ म्हणजे नेमकं काय? अंदमानला निघालेल्या घरांसाठी

आमच्या अंदमानच्या कार्यक्रमपत्रिकेत सहा दिवसांत चार ठिकाणी ‘मोकळा वेळ’ असं छापलेलं आहे. सांगलीच्या कार्यालयात बुकिंगला बसलेली निम्मी मंडळी नेमकं तिथेच बोट ठेवतात. ‘हे काय, अर्धा दिवस काहीच नाही? दुसरीकडे दिवसाला पाच पॉइंट देतात.’ विचारणं रास्त आहे, पैसे तुमचे आहेत. म्हणून हे पत्रक.

खरं सांगायचं तर त्या चार जागा आम्ही मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात. बेटावर लहान मुलं, आजी-आजोबा आणि आईवडील या तिघांनाही एकदम रमवणाऱ्या बहुतेक गोष्टींना तिकीटच नाही. त्यांना वेळ लागतो, आणि ती वेळ आपल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात नसून समुद्राच्या हातात असते.

आधी घड्याळाचं बघू

अंदमान आपल्या पूर्वेला इतकं लांब आहे, की घड्याळ तेच असूनही सूर्य तिथे सांगलीच्या तास-सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. मे महिन्यात पहाटे पाचला लख्ख उजाडतं. दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी पाच वाजायच्या आतच सूर्य बुडतो. आपल्या सवयीने चार वाजता चहा, साडेचारला आवराआवर आणि साडेपाचला किनाऱ्यावर असं केलंत, तर अंधारात लाटांचा आवाज ऐकून परत यावं लागेल. दर मोसमात एक तरी घर हे करतंच.

म्हणून तिथे पाच दिवस सांगलीच्या घड्याळाला विसरा. आजोबा तसेही पहाटे उठतात. त्यांच्याबरोबर नातवंडांनाही उठवा आणि स्वराज द्वीपवर (जुनं नाव हॅवलॉक) काळापत्थर किनाऱ्यावर जा. तो पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्य समोरच्या पाण्यातून वर येतो. मावळतीसाठी त्याच बेटाचा पश्चिमेचा राधानगर किनारा. (आपलं दाजीपूरजवळचं राधानगरी वेगळं. फोनवर ‘धरणाजवळचा का?’ असं तीन जणांनी विचारलंय, म्हणून लिहिलं.) राधानगरला पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा आहे आणि त्याच्या मागे लगेच उंच झाडांचं दाट जंगल. २०२० मध्ये त्याला स्वच्छतेचं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं. दुपारी तीनलाच पोहोचा, झाडांच्या सावलीत सतरंजी टाका, भडंगाची पिशवी सोडा. दोन तास कसे जातात ते कळणार नाही. पिशवी मात्र परत आणा.

ओहोटी: सगळ्यात मोठा फुकटचा खेळ

शहीद द्वीपवर (जुनं नाव नील) लक्ष्मणपूर किनाऱ्याजवळ समुद्राने पोखरलेली दगडी कमान आहे. तिथले लोक गमतीने तिला हावडा ब्रिज म्हणतात. या बेटाच्या किनाऱ्यांची नावंही मजेची: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. मुलांना रामायणातलं कोण कोण राहिलं ते शोधायला सांगा.

कमान बघायची ती ओहोटीला. पाणी मागे हटलं की खडबडीत खडकाचं मोठं मैदान उघडं पडतं आणि त्यातल्या खळग्यांत गुडघाभर पाणी साचून राहतं. तिथे उकिडवं बसा आणि पाच मिनिटं हलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग बोटाएवढा मासा दगडाखालून निघतो. जो शंख रिकामा वाटत होता, त्याला पाय फुटतात आणि तो चालू लागतो. काळं, जाडजूड, दोडक्यासारखं काहीतरी तळाशी पडलेलं असतं, ती समुद्रकाकडी. हात कशालाही लावायचा नाही. नुसतं बघायचं.

आता आमचीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका ग्रुपला ऐन भरतीला तिथे पाठवलं. अठ्ठावीस माणसं, उन्हात चालत गेली, समोर पाणीच पाणी आणि कमानीकडे जायला वाटच नाही. एका काकूंनी परतल्यावर सुनावलं, ‘याला पॉइंट म्हणता?’ बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून प्रत्येक घराला त्यांच्या तारखांच्या भरती-ओहोटीच्या वेळा आम्ही हाताने लिहून देतो.

हिशेब सोपा आहे. दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडं जास्त. आणि रोज ती वेळ अंदाजे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला ओहोटी असेल, तर उद्या आठच्या आत-बाहेर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही, त्यामुळे खळगे बघायला हेच दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक कमी. कोकणात सासर-माहेर असलेल्यांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आडाखा ठाऊक असेल. तो कोकणच्या किनाऱ्यासाठी आहे, अंदमानात जसाच्या तसा लावू नका, फसाल.

खडक धारदार आणि शेवाळलेला असतो. रबरी चप्पल चालत नाही. मागून पट्टा असलेली, बोटं झाकणारी सँडल प्रत्येकाला हवी, आजीलासुद्धा. आणि पाणी वळायला लागलं, की ‘अजून एक फोटो’ न म्हणता निघायचं.

खडक झेपत नसतील, तर सपाट वाळूवरही ओहोटीचा एक खेळ आहे. वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या हजारो गोळ्या पसरलेल्या दिसतात, मधे एक भोक आणि भोवती रांगोळीसारखी नक्षी. हे काम चिमुकल्या खेकड्याचं. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यावरचा खाण्याजोगा अंश चाटतो, आणि उरलेली वाळू गोळी करून बाजूला टाकतो. पुढची भरती येऊन सगळं पुसून टाकते. असे खेकडे गुहागर-आंजर्ल्यालाही असतात, पण तिथे आपण भेळेच्या नादात असतो. ती पांढरी वाळू कुठून आली, हेही मुलांना विचारा. तिचा बराच भाग पोपटमाशाच्या पोटातून आलेला आहे. तो प्रवाळ कुरतडतो आणि न पचलेला चुरा मागून सोडून देतो. थोडक्यात, आपण माशाच्या शीवर किल्ला बांधतोय. पाच ते दहा वयोगटाला सहलीतलं एवढं एक वाक्य वर्षभर पुरतं.

शंख-शिंपले: खेळा, पण तिथेच ठेवा

यावर जरा थांबतो, कारण इथे दंडापर्यंत गोष्ट जाऊ शकते. प्रवाळ जिवंत असो की मेलेलं, किनाऱ्यावर पडलेला पांढरा तुकडा असो, तो बेटाबाहेर नेता येत नाही. प्रवाळाला आणि कित्येक जातींच्या शंखांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. परतताना विमानतळावर बॅगा तपासतात, आणि यंत्रात ते तुकडे स्पष्ट दिसतात.

दोन वर्षांमागे एका कुटुंबाची बॅग तिथे उघडायला लावली. आईवडील शपथेवर सांगत होते की आमच्याकडे काही नाही. निघालं काय? सात वर्षांच्या मुलाच्या गुंडाळलेल्या मोज्यात प्रवाळाचे नऊ तुकडे, ‘शाळेत दाखवायला’. ते तिथेच ठेवून घेतले, पोरगं रडलं, आणि मागे रांग खोळंबली. मुलांचे खिसे, मोजे आणि कंपासपेटी निघायच्या आदल्या रात्री तपासा.

शंख गोळा करण्यात काही वाईट नाही. वाळूवर त्यांची रांगोळी काढा, कुणाची मोठी ते ठरवा, फोटो काढा आणि तशीच सोडून या. रिकाम्या शंखात राहणारा खेकडा वाढला की जुनं घर सोडून मोठा शंख शोधत फिरतो. आपण खिशात घातलेला कदाचित त्याचा पुढचा फ्लॅट असतो.

पोहणं

कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना आमची हात जोडून विनंती: समुद्र म्हणजे नदी नव्हे. नदीची ओढ एकाच दिशेला असते आणि आपल्याला ती ओळखीची असते. किनाऱ्यावर मात्र फुटलेल्या लाटांचं पाणी कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत परत जातं. त्यात सापडलात, तर किनाऱ्याकडे झटापट करू नका. दम संपतो. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर या आणि मग वळा. घाटावरचे पट्टीचे पोहणारेच इथे जास्त धोक्यात असतात, कारण ते घाबरत नाहीत.

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. जिथे तसा फलक आहे, जिथे खाडीचं पाणी समुद्राला मिळतं, तिथे पाय बुडवणंसुद्धा नको. जाळी लावलेल्या भागात, जीवरक्षक असताना आणि उजेडातच पाण्यात उतरा. लहानांसाठी भरतपूर किनारा उथळ आहे, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहूनही पायाशी मासे दिसतात. समुद्राचा आणि वाऱ्याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था रोज देते. तिथे नेट रखडतं, म्हणून सकाळी हॉटेलवरच बघून घ्या.

पोर्ट ब्लेअरची संध्याकाळ

या शहराचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, तिकिटावर दोन्हीपैकी काहीही दिसलं तरी घाबरू नका. सेल्युलर जेलला तिकीट आहे, ते आम्ही काढतो. मूळचे सात पंख होते, आज तीन उभे आहेत. सावरकर इथे १९११ मध्ये आले. आत मार्गदर्शक बोलतीलच, पण बाहेर आल्यावर समोरच्या सावरकर उद्यानातल्या बाकावर बसून एक गोष्ट आजोबांनी सांगावी, असं आम्ही सुचवतो. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून खंदकात उड्या टाकून निसटले. आपल्या गणपती मंदिरापासून हाकेच्या अंतरावरची ही गोष्ट. मग मुलांना विचारा, इथून असं का जमलं नसतं? भिंतीपलीकडे बघितलं की उत्तर सापडतं. सांगलीत तट ओलांडला की कृष्णा होती, पलीकडे माणसं होती. इथे चारी बाजूंनी समुद्र.

त्याच १९४३ सालच्या ३० डिसेंबरला नेताजींनी या शहरात तिरंगा फडकवला. इकडे वाळवा-तासगावात तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. आज पोर्ट ब्लेअरला समुद्राकाठी उंच ध्वजस्तंभ आहे, शेजारून फिरायला छान रस्ता आहे, वारा आहे, आणि कसलंही तिकीट नाही.

शेतकरी कुटुंबांसाठी खास

आमची बरीच मंडळी मिरज-तासगाव-पलूसकडची. त्यांना शहीद द्वीपवर किनाऱ्याहून शेतात जास्त रस असतो, हे आता आम्हाला पाठ झालंय. हे बेट आसपासच्या बेटांना भाजी पुरवतं. नारळ, सुपारी, केळी आणि भाज्यांचे वाफे रस्त्यालगतच दिसतात. लोक बहुतेक बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेले, आणि हिंदी सगळ्यांना येतं. सकाळी बाजारात जाऊन भाव विचारा, बांधावर उभं राहून पाण्याचं कसं करता ते विचारा. आमचे एक द्राक्षबागाईतदार ग्राहक तिथे सुपारीच्या बागेत दीड तास रमले होते, काचेच्या तळाची बोट सोडून. घरच्यांनी बोट केली, ते परतले तरी यांचं बोलणं चालूच.

रात्री

अमावास्येच्या आसपास गेलात, तर दिव्यांपासून दूर जाऊन आकाश बघा. डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेला अगस्त्याचा तारा सांगलीपेक्षा वर दिसतो. मे महिन्यात आठच्या सुमारास त्रिशंकू हा तारकासमूह. आपल्याकडे तो क्षितिजाच्या धुळीत हरवतो, तिथे समुद्रावर मोकळा मिळतो. ओल्या वाळूत अनवाणी पाय घासून बघा, काही रात्री निळसर ठिणग्या उडतात. त्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांच्या. दिसतीलच याची हमी आम्ही देत नाही आणि कुणी पैसे घेऊन दिली तर विश्वास ठेवू नका.

दोन नकार

स्कूबा, सी-वॉक, बोटी यांना आमचा विरोध नाही, हवं त्याने जरूर करावं. मात्र ‘जारवा बघायला नेता का?’ हा प्रश्न कृपया विचारू नका. बाराटांग बेटाकडचा रस्ता या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, तिथे थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी आम्ही नेलं नसतं. माणसं हा पॉइंट नव्हे. ड्रोनही परवानगीशिवाय नेऊ नका.

निघण्याआधी

प्रत्येकाला पट्ट्याची सँडल, टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा (तिथलं ऊन डोक्यावरून पडतं), पाण्याची बाटली, मुलांसाठी प्लॅस्टिकचं घमेलं आणि एक वही. आजींच्या गुडघ्यांचं आधी सांगा, म्हणजे कमानीऐवजी भरतपूरचा बेत धरू. प्रवासाच्या आठ दिवस आधी कार्यालयात येऊन ओहोटीच्या वेळांचा कागद घेऊन जा. व्हॉट्सॲपवरही पाठवतो, पण तिथे नेट नसलं की लोक आम्हालाच फोन लावतात, आणि तोही लागत नाही. कार्यालय दुपारी एक ते चार बंद असतं.