पुनर्स्थापक न्याय

गुन्हा म्हणजे केवळ कायद्याचा भंग नव्हे, तर माणसांचे व त्यांच्या परस्परसंबंधांचे नुकसान, असे मानून ते नुकसान करणारा व सोसणारा यांना समोरासमोर बसवून भरून काढू पाहणारी पद्धती. बालगुन्हेगारीच्या संदर्भात तिचा विचार विशेष होतो.

‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ या मूळ इंग्रजी संज्ञेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. श्रेय सामान्यतः आल्बर्ट एग्लॅश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९५० च्या दशकातील लेखनाला देतात. परंतु १९५५ मध्ये इंग्रजीत आलेल्या एका धर्मशास्त्रीय ग्रंथात ती आढळते व एग्लॅशने तेथूनच ती घेतली असावी. प्रत्यक्ष पद्धतीचा आरंभ कॅनडातील एल्मायरा येथील १९७४ च्या प्रकरणापासून धरतात. दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली होती. न्यायाधीशांच्या आदेशाने ते घरोघर गेले, दार वाजवून गुन्हा कबूल केला. सोबतचे परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी वही घेऊन मागे उभे होते. काही महिन्यांत भरपाई चुकती झाली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कुटुंबसभेला, म्हणजे बालक, त्याचे कुटुंब व पीडित यांच्या एकत्रित बैठकीला, बालन्यायात स्थान दिले. तिचे मूळ माओरी या तेथील मूळ रहिवाशांच्या प्रथेत असल्याचे सरसकट विधान मात्र जपूनच स्वीकारावे. आपल्याकडे गोतसभेशी (मराठेकालीन स्थानिक न्यायसभेशी) नाते जोडण्याचा मोह होतो. पण गोताचा भर प्रामुख्याने वतनाच्या तंट्यांवर होता आणि हरणाऱ्याकडून यजितखत (हार मान्य केल्याचा लेख) लिहून घेतले जाई. साम्य आहे ते सर्वांसमक्ष निवाडा करण्यापुरतेच.

भारतात बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३ मधील ‘पुनर्स्थापना’ हे तत्त्व याच अर्थाचे समजण्याची गल्लत होते. तेथे अभिप्रेत आहे ते बालकाचे कुटुंबात परतणे. पीडिताची भरपाई नव्हे. कलम १८ नुसार बाल न्याय मंडळ समज देणे, गटसमुपदेशन, समाजसेवा, दंड, परिवीक्षा किंवा विशेष गृहात कमाल ३ वर्षे ठेवणे, असे आदेश देऊ शकते. मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला. पीडिताशी संवादाची स्वतंत्र पायरी या यादीत नाही.

पुण्यात हा विषय चर्चेत येतो तो कोयता उगारणे, वस्तीत उभ्या गाड्या फोडणे अशा प्रकरणांत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ (गुन्ह्याचा आरोप असलेले अल्पवयीन मूल) सापडल्यावर. (गाड्यांच्या तोडफोडीचा गुन्हा एल्मायराच्या बराच जवळचा, हे येथे नमूद करण्यासारखे.) १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोघांचा मृत्यू झाला. चालक १७ वर्षांचा असल्याचे निष्पन्न झाले. मंडळाने त्याला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली व मोठा क्षोभ उसळला. ‘सुधारणावादी न्याय’ म्हणून त्यावर टीका झाली, ती नेमकी नाही : निबंध ही जामिनाची अट होती, निकाल नव्हे, आणि मृतांच्या कुटुंबीयांना त्यात कोणतीही भूमिका नव्हती. २२ मे रोजी मंडळाने त्याची निरीक्षणगृहात रवानगी केली. २५ जून रोजी उच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला.