शस्त्रक्रियेविना देहाकार-उपचार

शरीराच्या एखाद्या भागात साठून बसलेली, आहार-व्यायामाला दाद न देणारी त्वचेखालची चरबी चिरफाड न करता कमी करण्याच्या, तसेच सैल कातडी व स्नायू आवळून आणण्याच्या वैद्यकीय पद्धती. थंडी, उष्णता, ध्वनिलहरी, चुंबकीय क्षेत्र आणि इंजेक्शन ही त्यांची साधने. जाहिरातींत यांना ‘इंच लॉस’ म्हणतात. गावाकडे ‘मशीनीनं चरबी उतरवणं’. हा वजन घटवण्याचा उपचार नाही. कमरेचा टायर, हनुवटीखालची लोळी, मांडीचा आतला भाग अशा मर्यादित जागांपुरताच त्याचा उपयोग असतो.

विदर्भाच्या ग्रामीण भागात ही यंत्रे सहसा नसतात. त्यांसाठी नागपूर, अमरावती, अकोला अशी मोठी शहरे गाठावी लागतात. तिथे पोचलेला माणूस ‘कोणती मशीन चांगली?’ असे विचारतो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: फुगवटा नेमका कशाचा?

चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी, आणि यंत्रांचा इलाज चालतो तो तिच्यावरच. ढेरी टणक असून चिमटीत फारसे काही येत नसेल, तर चरबी आतड्यांभोवती आहे. तिथपर्यंत यातले एकही यंत्र पोचत नाही. भारतीयांत हा प्रकार नेहमीचा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून हातपाय काटकुळे आणि पोट पुढे अशा माणसाने यंत्राच्या आधी रक्तातली साखर तपासावी. भारतीय पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमीपेक्षा जास्त कंबर ही धोक्याची खूण मानतात.

बाळंतपणानंतर सुटलेले पोट पुष्कळदा चरबीचे नसतेच. पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकलेले असतात, किंवा सिझरच्या टाक्यांतून हर्निया आलेला असतो. हर्नियावर चरबी गोठवणारे यंत्र लावायचे नसते. पूर्व विदर्भात हत्तीपायाचा प्रादुर्भाव आहे. एकाच पायाची सूज चरबी समजून उपचार सुरू करण्याआधी तिची तपासणी झालीच पाहिजे. प्लीहा वाढल्याने किंवा पाणी झाल्यानेही पोट फुगते. हे सगळे साध्या तपासणीत आणि सोनोग्राफीत कळते. ती न करताच पॅकेजचा दर सांगणारे केंद्र सोडून द्यावे, इतके साधे आहे.

फुगवटा चरबीचाच ठरला, तर पद्धतीची निवड येते. सर्वांत जास्त अभ्यास झालेली पद्धत चरबी गोठवण्याची, म्हणजे क्रायोलिपोलिसिसची. बर्फाची कांडी चोखणाऱ्या तान्ह्या मुलाच्या गालातली चरबी थंडीने सुजल्याची नोंद १९७० साली झाली होती. चरबीच्या पेशी कातडीपेक्षा लवकर थंडीला बळी पडतात, या धाग्यावरून डिटर मॅनस्टाइन व रॉक्स अँडरसन या त्वचातज्ज्ञांनी बोस्टनमध्ये हे तंत्र विकसित केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये ते कमरेच्या बाजूंसाठी आणि २०१२ मध्ये पोटासाठी मान्य केले. एका बैठकीत त्या जागेची चरबी साधारण २० ते २५ टक्के कमी होते. मेलेल्या पेशी शरीर हळूहळू वाहून नेते, त्यामुळे फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. क्वचित उलटेच घडते: त्या जागची चरबी घटण्याऐवजी घट्ट होऊन वाढते, आणि ती काढायला शेवटी शस्त्रक्रियाच लागते. कॅनडाची मॉडेल लिंडा एव्हांजेलिस्टा हिने २०२१ मध्ये आपल्या बाबतीत असे झाल्याचे जाहीर केल्यावर हा दुष्परिणाम सर्वतोमुखी झाला.

विदर्भात या पद्धतीपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांत आणि मेळघाटात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो, आणि थंडीने या रुग्णांना वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून सिकलसेलची तपासणी झालेली नसेल तर ती आधी करावी. सरकारी दवाखान्यांत ती होते. घरात कुणाला हा आजार असेल तर डॉक्टरांच्या विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे. थंडीने रक्तातली प्रथिने गोठण्याचे किंवा तांबड्या पेशी फुटण्याचे काही दुर्मीळ आजार असलेल्यांना तर हा उपचार वर्ज्यच आहे.

उष्णतेच्या पद्धतींत १०६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर एका जागेला सुमारे २५ मिनिटे घेतो. रेडिओफ्रीक्वेन्सीचा, म्हणजे रेडिओलहरींनी दिलेल्या उष्णतेचा, भर चरबीपेक्षा सैल कातडी आवळण्यावर असतो. तिला ओळीने अनेक बैठका लागतात. हनुवटीखालच्या चरबीसाठी डीऑक्सिकोलिक आम्लाचे इंजेक्शन २०१५ पासून अमेरिकेत मान्य आहे. सूज बरीच येते आणि चेहऱ्याची नस दुखावून हसू वाकडे होण्याचा, बहुधा तात्पुरता, धोका असतो. चुंबकीय यंत्र अर्ध्या तासात सुमारे २०,००० वेळा स्नायू आकुंचित करते. त्याचा मुख्य लाभ स्नायूंना. तांबी (कॉपर-टी) बसवलेल्या स्त्रीने पोटावर हे यंत्र लावून घेऊ नये, पेसमेकर असलेल्याने तर मुळीच नाही. ‘तांबी आहे का?’ हे विचारायचे राहून जाऊ शकते, म्हणून आपणच सांगितलेले बरे. गरोदरपणात यांपैकी कोणताही उपचार करत नाहीत. थरथरणारे पट्टे आणि घाम काढणारे बेल्ट यांनी उतरते ते पाणी. दोन गिलास पाणी प्यायले की परत येते.

निवडीत अंतराचा हिशेब धरावाच लागतो. भामरागड किंवा धारणीसारख्या दूरच्या गावाहून प्रत्येक बैठकीसाठी दिवसाची मजुरी बुडवून यायचे, तर सहा फेऱ्यांच्या पद्धतीपेक्षा एक-दोन बैठकांची पद्धत परवडते, दर जास्त असला तरी. सौंदर्योपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत नाहीत. सगळा खर्च खिशातून. विकलेल्या पिकाचा चुकारा हाती आल्याबरोबर पूर्ण पॅकेजचे पैसे भरू नयेत, बैठकीगणिक द्यावेत आणि पावती घ्यावी. उपचार करणारी व्यक्ती डॉक्टर असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको.

गोठवलेली जागा काही आठवडे बधिर राहू शकते. या काळात कापूस वेचायला गेल्यास वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधलेल्या ओटीची गाठ रुतलेली कळत नाही. म्हणून पोटाचा किंवा कमरेचा उपचार वेचणीच्या हंगामात घेऊ नये. उपचाराआधी बेंबीच्या रेषेत कंबर मोजून फोटो काढून ठेवावा आणि तीन महिन्यांनी त्याच उजेडात तसेच पुन्हा करावे. मधल्या काळात वजन दोन किलो वाढले असेल, तर फितीवरचा आकडा यंत्राबद्दल काहीच सांगत नाही.