दरवर्षी तोच एक चौरस मीटर

जळगाव-धुळ्याचा मे महिना सोसून श्रावणात सातपुड्यातल्या तोरणमाळच्या पठारावर गेलं की मुलूखच पालटल्यासारखा वाटतो. रस्त्याकडेला तेरडा, झुडपांवर चढलेली कळलावी, सावलीत रानहळद. सगळे फोटो काढतात आणि परततात. पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणतं, "यंदा फुलं कमी आहेत." पण कमी म्हणजे किती? फोटोंवरून ते कळत नाही, कारण फोटोत नेहमी सगळ्यांत दाट फुललेली जागाच येते.

उंच पर्वतांतल्या फुलांच्या कुरणांचा अभ्यास करणारे म्हणूनच आधी जागा ठरवतात, फुलं मागून मोजतात. खान्देशातल्या शेतकऱ्याला ही रीत पीक कापणी प्रयोगावरून ठाऊक आहे: शेतातला चांगला कोपरा निवडायचा नाही, निवडीत येईल तोच तुकडा मोजायचा. कुरणात मात्र एकदा ठरलेला चौकोन पुढे बदलत नाही. कोपऱ्यांवर खुणा ठोकतात आणि दरवर्षी तिथेच बसून मोजतात. एकही फूल नसेल तर शून्य लिहितात. माझ्या मते सगळ्यांत मोलाची नोंद या शून्याचीच. ती नसेल, तर फूल नाहीसं झालं की कुणी पाहिलंच नाही, हे पुढे कधीच कळत नाही.

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात, गॉथिक इथे सुमारे 2,900 मीटर उंचीवर जीवशास्त्रज्ञ डेव्हिड इनोये यांनी 1974 मध्ये अशी मोजणी सुरू केली. 39 वर्षांत 20 लाखांहून अधिक फुलांची नोंद झाली. त्यातून दिसलं की तिथला फुलोऱ्याचा हंगाम 35 दिवसांनी लांबला आहे. ही बातमी वाटते तितकी चांगली नाही. बर्फ लवकर वितळतं, कळ्या लवकर धरतात आणि मग उशिरा पडणाऱ्या कडाक्याच्या थंडीत काही जातींच्या कळ्या जळून जातात. त्या वर्षी ना फूल, ना बी.

युरोपातल्या 302 शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा 2007 ते 2016 या दशकात तिथे नव्या वनस्पती येण्याचा वेग 1957 ते 1966 च्या पाचपट निघाला. ऊब वाढली तशा खालच्या जाती वर चढल्या. शिखरावर आधीपासून असलेल्यांना मात्र आणखी वर जायला जागा नाही.

आपल्या हिमालयात उत्तराखंडातलं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तिथली चराई थांबली. पुढे पॉलिगोनम नावाची उंच वाढणारी वनस्पती फोफावली. चराई बंद झाल्यामुळेच हे झालं का, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

तोरणमाळची उंची हजार मीटरच्या वर. तिथे बर्फ नाही. फुलांचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. पण तापीकाठापेक्षा तिथली हवा पाच-सहा अंशांनी थंड असते आणि त्याहून उंच जायला सातपुड्यातही फारशी जागा नाही. म्हणून पठारावर असे एकेक चौरस मीटरचे काही चौकोन आजच आखायला हवेत असं मला कळकळीने वाटतं. एक चौकट, मातीत दहा सेंटीमीटर खोल पुरलेला तापमापक, पर्जन्यमापक आणि वही एवढ्यावर भागतं. जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला फुललेली रोपं मोजायची. गुरं चरली, वणवा लागला, गाड्या फिरल्या, तर तेही लिहायचं. आसपासच्या शाळांतल्या पावरा आणि भिल्ल मुलांना यातल्या कितीतरी झाडाझुडपांची ओळख घरातूनच असते. मुलं शिकून बाहेर पडतील, म्हणून वही शाळेच्या दप्तरी राहावी आणि चौकोनांचे जीपीएस आकडे तिच्या पहिल्याच पानावर असावेत.