साखळीला फाटे फोडणारे प्रोटॉन

दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं त्रिकोणी कडं म्हणजे इपॉक्साइड. ६० अंशांच्या आसपासचे कोन या अणूंना मानवत नाहीत, म्हणून कडं कायम ताणलेलं असतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधला ऋणभारित ऑक्सिजन त्यावर चालून गेला की ते उघडतं आणि नव्या टोकावर पुन्हा ऋणभारित ऑक्सिजन येतो. तो पुढचं कडं उघडतो. दोन ऋण टोकं एकमेकांना भिडून संपण्याचाही प्रश्न नाही. मग पॉलिमरची साखळी हवी तेवढी लांब का होत नाही?

पहिला वाटेकरी पाणी. एक किलो इथिलीन ऑक्साइडपासून (सगळ्यात साधं इपॉक्साइड) एक लाख रेणुभाराच्या साखळ्या हव्या असतील, तर एका मोलचा (रेणू मोजायचं ठरीव माप) शंभरावा भाग एवढ्याच साखळ्या सुरू करायच्या. त्यात चुकून १८० मिलिग्रॅम, म्हणजे तीन-चार थेंब पाणी राहिलं, तर तेवढ्याच साखळ्या आणखी सुरू होतात. माल तोच, खाणारी तोंडं दुप्पट. सरासरी रेणुभार पन्नास हजारांवर. यात कुठलीच साखळी मरत नाही. पाण्यातून आलेला प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित गाभा) या टोकावरून त्या टोकावर झटपट फिरतो आणि सगळ्यांना वाढायची पाळी मिळते. म्हणून लांबी फारशी कमी-जास्त होत नाही, हे पॉल फ्लोरी यांनी १९४० मध्येच गणिताने दाखवलं.

पाणी काढून टाकता येतं. प्रॉपिलीन ऑक्साइड या दुसऱ्या इपॉक्साइडचं दुखणं मात्र घरातलंच. त्याच्या कड्याला एक मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडलेला असतो. वाढतं टोक कधीकधी कडं उघडायचं सोडून या मिथिलचा प्रोटॉनच ओढून घेतं. साखळी तिथेच थांबते, आणि प्रोटॉन गमावलेला रेणू अॅलिल अल्कॉक्साइड (एका टोकाला दुहेरी बंध, दुसऱ्या टोकाला ऋणभारित ऑक्सिजन) होऊन स्वतःची नवी साखळी सुरू करतो. त्यामुळे नेहमीच्या पोटॅशियम पद्धतीत रेणुभार पाच-सहा हजारांपुढे नेणं अवघड. शिवाय अॅलिलपासून निघालेल्या साखळीला एकाच टोकाला हायड्रॉक्सिल (OH गट) असतो. अशा साखळ्या हायड्रॉक्सिल टोकांनी जोडून बनणाऱ्या पॉलियुरेथेन प्लास्टिकच्या जाळ्यात ती एका बाजूने नुसती लोंबकळत राहते.

तापमान वाढवून काम उरकायला जावं, तर ही पळवापळवी वाढीपेक्षाही जास्त वेगाने वाढते. पोटॅशियमऐवजी सिझियम घेतलं तर ती कमी होते. लिथियमचं तर नावच नको: ते ऑक्सिजनला इतकं घट्ट धरून बसतं की बहुधा साखळी हलतच नाही.

झिंक हेक्झासायनोकोबाल्टेट या जस्त-कोबाल्टच्या संयुगाच्या उत्प्रेरकात प्रोटॉन ओढणारा मोकळा अल्कॉक्साइडच नसतो, त्यामुळे अॅलिल टोकं अगदी थोडी उरतात. पण त्याच साखळीच्या टोकांना शेवटी इथिलीन ऑक्साइड जोडायचं म्हटलं, की हा उत्प्रेरक धड चालत नाही आणि पुन्हा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीकडेच यावं लागतं.