‘ओला दुष्काळ’: एका शब्दावरून चाललेल्या वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा, तेरणा पात्र सोडून वाहिल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि नदीकाठच्या शिवारांत पिकासोबत मातीही खरडून गेली. जिथे गुडघाभर काळी जमीन होती तिथे मुरूम उघडा पडला. मराठवाडाभर मागणी उठली ती ओला दुष्काळ जाहीर करण्याची. सरकारकडून उत्तर आलं की दुष्काळ संहितेत, म्हणजे दुष्काळ ठरवण्याच्या नियमावलीत, असा शब्दच नाही.

खरं तर मराठीत दुष्काळ म्हणजे वाईट काळ, मग तो पाण्यावाचून आलेला असो की पाण्याने. पावसाने दडी मारली त्याला आपल्याकडे अवर्षण असा वेगळा शब्द आहे. संस्कृतात पिकावरच्या संकटांची, ‘ईतीं’ची यादी आहे, तिच्यातही अतिवृष्टी पहिली आणि अनावृष्टी दुसरी. पण सरकारी कागदावर दुष्काळ म्हणजे फक्त कोरडा.

चौदाव्या शतकाच्या अखेरीचा दुर्गाडीचा दुष्काळ किंवा १६३०-३२ चा दख्खनचा दुष्काळ यांच्या आठवणी ग्रंथांत राहिल्या. माणसांच्या बोलण्यात आहे तो १९७२ चा. मिलो ही परदेशातून आलेली ज्वारी, वाटपाची सुकडी, खडी फोडायची कामं, ओढ्यांना बांध घालायचं नालाबंडिंग हे सगळं त्या वर्षाचं. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. ‘बहात्तरला खायला नव्हतं, पण प्यायला पाणी होतं’ हे वाक्य आजही म्हातारी माणसं सांगतात. चाळीस वर्षांनी, २०१२-१३ मध्ये, नेमकं उलटं झालं. रेशनचं धान्य होतं, पण विहिरी आणि बोअर कोरडे होते. जनावरं छावणीत गेली. मधल्या काळात ज्वारी-करडईचं क्षेत्र घटलं, सोयाबीन आणि ऊस वाढला, बोअर शेकडो फूट खाली गेले. मराठवाड्याची पावसाळ्यातली सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर. एवढ्या पावसाच्या मुलखात ऊस किती लावायचा, हा प्रश्न तेव्हा जोरात विचारला गेला आणि पुढचा पाऊस चांगला होताच मागे पडला.

खरी गुंतागुंत सुरू होते ती पैसेवारीपासून. गावात पीक कापणी प्रयोग घ्यायचे, आलेलं उत्पन्न ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचं आणि रुपयात किती पैसे पीक आलं ते काढायचं. पन्नास पैशांच्या आत आलं तर गाव सवलतींना पात्र. आणे जाऊन किती वर्षं झाली, तरी गावात अजून ‘आणेवारी किती लागली?’ असंच विचारतात. नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरात, सुधारित ऑक्टोबरात, अंतिम डिसेंबरात. म्हणजे पीक ऑगस्टमध्ये करपलं तरी त्यावर शिक्का बसायला वर्ष संपत येई.

आणि तो शिक्काही ‘दुष्काळ’ नसायचा. आधी ‘टंचाई’ लिहीत, मग ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ लिहू लागले. २०१५-१६ मध्ये हे टोकाला गेलं. लातुरात मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्या शहराला रेल्वेने पाणी पाजावं लागलं तेही कागदोपत्री ‘दुष्काळसदृश’च होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मे महिन्यात सरकारने सुमारे २९ हजार गावांसाठी ‘सदृश’ काढून ‘दुष्काळ’ असं वाचावं, अशी दुरुस्ती केली. एक शब्द बदलायला उन्हाळा जवळजवळ सरला होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच, कारण शब्दाची किंमत किती असते हे तेव्हा उघड झालं.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने दुष्काळाची संहिता सुधारली आणि पुढच्या वर्षी राज्याने ती स्वीकारली. आता पावसातली तूट, पावसाचा खंड, जमिनीतला ओलावा, भूजल, उपग्रहाला दिसणारी हिरवळ असे निर्देशक आले. दुष्काळ ‘मध्यम’ की ‘गंभीर’ हे त्यावर ठरू लागलं आणि केंद्राच्या मदतीचा दरवाजा ‘गंभीर’लाच उघडा राहिला. पैसेवारीतला मानवी हस्तक्षेप कमी झाला, ही चांगली गोष्ट. पण ऐन शेंगा भरताना पावसाने ताण दिला की सोयाबीन वरून हिरवंगार दिसतं आणि शेंग दाबली तर पोचट निघते. वरून पाहणाऱ्याला हिरवळ दिसते, शेंग दिसत नाही.

२०१८ मध्ये नव्या निकषांवर १५१ तालुके जाहीर झाले. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तरी निकषांत बसले ते राज्यातले ४० तालुके. ओरड झाल्यावर १,०२१ महसूल मंडळांसाठी (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) वेगळा निर्णय निघाला आणि त्यात जुनाच शब्द परतला: दुष्काळसदृश.

हवामान बदल हा शब्द मराठवाड्यात चर्चेत आला तो या भांडणाच्या मधोमध. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीनंतर तो गावोगाव बोलला जाऊ लागला. एक बाजू म्हणते, निसर्गच फिरला, कोण काय करणार. दुसरी म्हणते, उसाचं आणि धरणांचं अपयश झाकायला हा शब्द बरा सापडलाय. मला दोन्ही अपुरे वाटतात. हवा एक अंश तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो आणि मधले खंड लांबतात. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं अभ्यासातून दिसलं आहे. आपण जिला अस्मानी म्हणतो तिच्यातही आता माणसाचा हात आहे, आणि उघड्या बोडक्या शिवारात तिचा घाव दुप्पट बसतो. परळीच्या औष्णिक वीज केंद्राकडे पाहावं. आयुष्यभर कोळसा जाळणारे तिथले संच २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं.

२०२५ चा वाद या सगळ्यावर येऊन उभा राहिला. अतिवृष्टीचा निकष महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर. पाऊस मोजायचं यंत्र मंडळाच्या गावी, पाऊस चार कोसांवरच्या शिवारात. यंत्रात ६० भरले तर ओढा बांधावरून गेला तरी ती अतिवृष्टी नव्हे. मग पंचनाम्याची वाट पाहायची, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे हे सिद्ध करायचं.

शेवटी सरकारने दुष्काळात मिळणाऱ्या सवलती पूरग्रस्तांनाही लागू केल्या: जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी. सवलती दुष्काळाच्या मिळाल्या. संहितेत मात्र ‘ओला दुष्काळ’ अजून नाही, त्यामुळे पुढच्या पुराला ही मागणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.